खेड्यांतील कलावंत आणि त्याचा आश्रयदाता

कलेच्या इतिहासांत कलावंताचें नांव राहतें, त्याच्या कृतींचीं नांवें राहतात. परंतु त्या कृतीसाठीं पैसा कोठून आला आणि ती पाहावयास प्रथम कोण बसलें, या दोन गोष्टी बहुधा कोणी लिहून ठेवीत नाहीं. वास्तविक कलावंत जगतो तो या दोन गोष्टींवर. मोठ्या शहरांत हा प्रश्न फारसा जाणवत नाहीं, कारण तेथें धनिकहि असतात आणि तिकीट काढणारा प्रेक्षकहि असतो. खेड्यांत मात्र दोन्ही गोष्टी मुळापासून उभ्या कराव्या लागतात. अशा कांहीं प्रयत्नांचा इतिहास आज मी आपल्यापुढें ठेवणार आहें. त्यांत चित्रकार आहेत, नट आहेत; पण मुख्य विषय आहे तो चित्रपटाचा, आणि चित्रपटांतूनहि त्या चित्रपटाचा, जो मोठ्या कंपनीच्या भांडवलाविना एखाद्या तरुणाच्या हट्टावर उभा राहतो. आज त्याला स्वतंत्र चित्रपट असें म्हणतात.

नांव नवें असलें तरी वस्तु जुनी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा आपल्या देशांतील पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. तो काढणारे धुंडिराज गोविंद फाळके हे मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १९१२ सालीं ते विलायतेस गेले ते आयुष्याचा विमा गहाण टाकून. तेथून कॅमेरा आणला, काम शिकून आले. पण भांडवल द्यावयास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला आणि रोज थोडें थोडें चित्रण करीत, बीं फुटून वेल वर चढेपर्यंतचा एक लहानसा चित्रपट तयार केला. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर कांहीं क्षणांत झालेली पाहून एका सावकारास विश्वास वाटला व त्यानें कर्ज दिलें. उरलेली भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनीं घातली. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि त्याच वर्षीं फाळक्यांनीं आपला कारखाना नाशकास हलविला.

चाळीस वर्षांनीं बंगालमध्यें जवळ जवळ हीच हकीकत पुन्हां घडली. सत्यजित राय यांनीं १९५२ च्या अखेरीस ‘पथेर पांचाली’चें चित्रण आरंभिलें तेव्हां ते एका जाहिरात कंपनींत नोकरी करीत होते. कलकत्त्याजवळच्या बोडाल या खेड्यांत सुट्टीच्या दिवशीं चित्रण चालावयाचें. पैसे संपले. मग विम्याची पॉलिसी गेली, जमविलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या गेल्या, पत्नीचे दागिने गहाण पडले. शेवटीं पश्चिम बंगाल सरकारनें मदतीचा हात दिला. आणि चित्रपटाच्या नांवांत ‘पथ’ असल्यामुळें ती रक्कम रस्तेसुधारणेच्या खातीं टाकण्यांत आली, असें सांगतात. सरकारी दफ्तरांतल्या इतक्या चुकीच्या नोंदीनें इतकें चांगलें काम क्वचितच केलें असेल! १९५५ सालीं चित्रपट पुरा झाला आणि खेड्यांतील एका दरिद्री भिक्षुकाच्या घरची गोष्ट जगभर पाहिली गेली.

या दोन हकीकतींतील साम्य पाहून मनांत येतें कीं, आपल्या चित्रपटकलेच्या पायाखालीं किती स्त्रियांचे दागिने पुरलेले आहेत याचा हिशोब कोणी तरी एकदां मांडावयास हवा. त्या हिशोबांत कोल्हापूरच्या एका गायिकेचें नांव ठळकपणें लिहावें लागेल. तें नांव तानीबाई कागलकर.

कोल्हापूरची गोष्ट आपल्यांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल, पण ती येथें सांगितल्याविना पुढचें नीट कळणार नाहीं. राजर्षि शाहू महाराज १८९४ सालीं गादीवर आले. पुढच्याच वर्षीं अल्लादियाखां कोल्हापूरच्या दरबारीं आले व तेथें राहिले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून परत आलेले आबालाल रहिमान यांनाहि दरबाराचा आधार होता. मुंबईंत राहून नांव मिळविणें त्यांना कठीण नव्हतें. परंतु तो विरक्त चित्रकार रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या पाण्यावर पडणारा उजेड रंगवीत कोल्हापुरांतच राहिला. १९३१ सालीं ते वारले. त्यांना पाहून, त्यांच्या मागून, कोल्हापुरांत चित्रकारांची एक परंपराच तयार झाली. दरबाराचा एक पगार एका माणसास मिळाला. त्याचें व्याज साऱ्या गांवास मिळत राहिलें.

याच वातावरणांत आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ वाढले. घराणें कारागिरांचें. कलाशाळेचें शिक्षण नाहीं. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवितां रंगवितां पेंटर हेंच त्यांचें आडनांव झालें. फाळक्यांचा चित्रपट पाहून दोघांना वेड लागलें. पण विलायती कॅमेऱ्याला पैसे नव्हते, म्हणून कॅमेरा घरींच बनवावयाचें ठरलें. तें काम अर्धवट असतांनाच १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें तो कॅमेरा १९१८ च्या सुमारास पुरा केला. यंत्र तयार झालें तरी कंपनीला भांडवल हवें होतें. तें प्रथम दिलें तानीबाईंनीं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० सालीं पुण्यास लागला आणि लोकमान्यांनीं बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. समाजानें ज्या स्त्रीवर्गाला पंक्तीला घेतलें नाहीं त्यांतील एका बाईनें या धंद्याच्या पंक्तीचें पहिलें पान वाढलें, ही गोष्ट विसरतां कामा नये.

१९२५ सालीं याच कंपनीनें ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरि आपटे यांची. देवादिकांचे व इतिहासाचे चित्रपट धो धो चालत असतां बाबूरावांनीं पडद्यावर शेतकरी उभा केला: कर्जाच्या कागदावर अंगठा उठविणारा, जमीन गमावणारा आणि शेवटीं शहराच्या गिरणींत मजुरीस जाणारा. तरुण शेतकऱ्याचें काम शांताराम वणकुद्रे यांनीं केलें होतें. तेच पुढें व्ही. शांताराम म्हणून प्रसिद्धीस आले. मूळ मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. १९३६ सालीं बाबूरावांनींच त्याचा बोलपट केला. आपल्या खेड्याचें खरें तोंड पडद्यावर प्रथम दिसलें तें या चित्रपटांत.

आतां नव्वद वर्षें पुढें या. भाऊराव कऱ्हाडे या शेतकरी कुटुंबांतल्या तरुणानें ‘ख्वाडा’ नांवाचा मराठी चित्रपट काढला. भटक्या धनगर कुटुंबाची ती कथा आहे, आणि २०१५ सालच्या राष्ट्रीय पारितोषिकांत तिचा गौरव झाला. तो चित्रपट काढण्यासाठीं या गृहस्थानें आपली शेतजमीन विकली. श्रोतेहो, क्षणभर या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहा. १९२५ च्या चित्रपटांत शेतकऱ्याची जमीन सावकार घेतो. पुढच्या शतकांत शेतकऱ्याचा मुलगा चित्रपट काढावयास निघतो आणि जमीन स्वतःच विकतो. पाश सोडविण्याची कला म्हणून आपण जिचें कौतुक करतों, ती कलाच खेड्यांतल्या मुलास पाश होऊं लागली तर काय करावयाचें? या मुलाचें धाडस मोठें, यांत शंका नाहीं. पण प्रत्येक वेळीं एवढेंच धाडस लागत असेल तर ज्याच्यापाशीं विकावयास जमीनच नाहीं त्यानें कोणाचें तोंड पाहावें? सरकारचें अनुदान आहे. परंतु तें बहुधा चित्रपट पुरा झाल्यावर. पेरणीच्या वेळीं त्याचा उपयोग नाहीं.

राजाश्रयाचा मार्ग तर बंदच झाला. त्याचा स्वभावच असा कीं, तो एका माणसाच्या आवडीवर चालतो. शाहू महाराज १९२२ सालीं वारले. १९२९ सालीं दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनीं कोल्हापुरांत प्रभात कंपनी काढली खरी, पण १९३३ सालीं ती पुण्यास गेली. ‘संत तुकाराम’सारखा खेड्याच्या मातींतला चित्रपट १९३६ सालीं निघाला तो पुण्याच्या कारखान्यांतून. सातारकडच्या औंध संस्थानांत बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार. त्यांनीं लहानशा गांवाच्या टेकडीवर १९३८ सालीं चित्रसंग्रहालय उभारलें, जें पाहून आजहि माणूस थक्क होतो. परंतु १९४८ सालीं औंध विलीन झालें आणि १९४९ सालीं कोल्हापूर विलीन झालें. विलीनीकरण योग्यच होतें. त्याविषयीं कोणी अश्रु ढाळावे असें मला म्हणावयाचें नाहीं. एवढेंच कीं, कलेच्या खर्चाचा जो एक रकाना दरबारच्या वहींत होता तो कोणाच्या वहींत चढवावयाचा हें कोणी ठरविलें नाहीं.

योगायोग असा कीं, ज्या १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान संपलें, त्याच सालीं सह्याद्रीच्या दक्षिणेकडील भागांत, शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यांत, हेग्गोडु नांवाच्या एका खेड्यांत कांहीं हौशी मंडळींनीं एक नाटकमंडळी काढली. त्यांत कुंटगोडु विभूति सुब्बण्णा नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. गांव सुपारीच्या बागायतदारांचें. पाऊस भरपूर, वस्ती विरळ, घरें बागांतून विखुरलेलीं. मंडळाचें नांव ठेवलें ‘श्री नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ’. नांवाचीं आद्याक्षरें जुळवून पुढें लोक त्याला ‘नीनासम’ म्हणूं लागले. अशीं नाटकमंडळें आपल्याकडेहि कोंकणांत आणि घाटावर गांवोगांव होतीं व आहेत. बहुतेकांचें आयुष्य एका उत्सवापासून दुसऱ्या उत्सवापर्यंत असतें. हें मंडळ टिकलें, त्याचें कारण पाहण्यासारखें आहे.

सुब्बण्णा म्हैसूरच्या महाराजा कॉलेजांत शिकले आणि परत गांवीं आले. हें ‘परत आले’ फार महत्त्वाचें आहे. आपल्याकडे खेड्यांतील शाळेंत एखादा मुलगा चांगलीं चित्रें काढूं लागला, कीं आम्ही मास्तर मंडळी त्याला एकच सल्ला देतों: ‘बाळ, तूं मुंबईस जा.’ मीहि पस्तीस वर्षें हाच सल्ला दिला आणि तो त्या मुलांच्या हिताचाच होता. परंतु त्यामुळें गांवाच्या भिंतीवर चित्र काढणारा कोणी उरला नाहीं, हेंहि तितकेंच खरें. सुब्बण्णांनीं परत येऊन सुपारीची बाग पाहिली, पुस्तकें छापण्यासाठीं ‘अक्षर प्रकाशन’ काढलें आणि नाटकें बसविलीं. दहा-वीस वर्षें गांवानें नाटकें पाहिलीं, नाटकांत कामें केलीं. मग त्या एवढ्याशा गांवांत एक पक्कें नाट्यगृह उभें राहिलें आणि त्याला कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांचें नांव दिलें गेलें. तालुक्याच्या गांवींसुद्धां असें नाट्यगृह नसतें, हें आपण जाणतांच.

१९७३ सालीं सुब्बण्णांनीं एक नवीनच खूळ काढलें: खेड्यांत चित्रपटमंडळ. त्या काळीं चित्रपटमंडळ म्हणजे शहरांतील सुशिक्षितांची चैन समजली जाई. राय आणि त्यांच्या मित्रांनीं कलकत्त्यास १९४७ सालीं असें मंडळ काढलें होतें. मुंबईस १९६८ सालीं ‘प्रभात चित्र मंडळ’ निघालें. विदेशी चित्रपट आणावयाचे, सभासदांनीं पाहावयाचे, नंतर चर्चा करावयाची, असा तो प्रकार. परक्या भाषेंतला चित्रपट, खालीं इंग्रजी अक्षरें. हें सुपारी सोलणाऱ्या माणसाला काय कळणार, असें कोणीहि म्हटलें असतें. पुष्कळांनीं म्हटलेंहि असेल.

येथें आपल्या पुण्याचा संबंध येतो, आणि तो अभिमानानें सांगण्यासारखा आहे. प्रभात कंपनीच्या ज्या आवारांत पूर्वीं चित्रपट निघत, तेथें चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था निघाली होती. १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयहि पुण्यास स्थापन झालें. संस्थेंत सतीश बहादुर हे चित्रपटरसग्रहण शिकवीत, आणि संग्रहालयांत पी. के. नायर हे जुने चित्रपट जिवापाड जपत. नायरांचें वैशिष्ट्य असें कीं, जपलेली वस्तु कुलुपांत ठेवण्यासाठीं असते असें ते मानीत नसत. संग्रहालयाच्या फिरत्या विभागांतून चित्रपटांच्या लहान मापाच्या प्रती देशभरच्या मंडळांना पाठविल्या जात. त्या पेट्या हेग्गोडूसहि जाऊं लागल्या. बहादुर स्वतः तेथें जाऊन शिबिरांत शिकवूं लागले. शिकणारे कोण? शेतकरी, शाळामास्तर, बागेंत काम करणारे तरुण, घरच्या बायका.

पद्धत साधी होती. आधीं चित्रपटाची गोष्ट आणि पार्श्वभूमि कन्नडमध्यें समजावून द्यावयाची, मग चित्रपट दाखवावयाचा, मग बोलावयाचें. चित्रपट कसा पाहावा यावर कन्नडमध्यें पुस्तकेंहि निघालीं. राय, कुरोसावा, डी सिका यांचे चित्रपट त्या कौलारू वस्तींत दाखविले गेले, आणि आश्चर्य असें कीं लोक आले व बसले.

मला विचाराल तर यांत आश्चर्य कांहींच नाहीं. डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ हा १९४८ सालचा इटालियन चित्रपट घ्या. एका बेकार माणसाला मोठ्या मुष्किलीनें काम मिळतें. त्या कामास सायकल लागते, आणि पहिल्याच दिवशीं ती चोरीस जाते. पेरणीच्या तोंडावर ज्याचा बैल गेला आहे त्याला ही गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरज आहे काय? उलट शहरांतल्या सुखवस्तु प्रेक्षकालाच विचारावें लागेल कीं, एका सायकलीचें एवढें काय! तीच गोष्ट ‘राशोमोन’ची. एक खून, प्रत्येक साक्षीदार त्याची निराळीच हकीकत सांगतो, आणि प्रत्येकाला स्वतःचीच हकीकत खरी वाटते. पंडितांनीं त्यावर ग्रंथ लिहिले. पण बांधाच्या भांडणापायीं तालुक्याच्या कोर्टांत ज्यानें दहा वर्षें फेऱ्या घातल्या आहेत, त्याला त्यांत नवें तें काय? खेडुताला कळत नाहीं असें जें आपण म्हणतों, त्याचा अर्थ बहुतेक वेळां एवढाच असतो कीं आपण त्याला कधीं दाखविलेलें नाहीं.

चित्रपट पाहून हेग्गोडु थांबलें नाहीं. १९८० सालीं तेथें नाट्यशिक्षणाची शाळा निघाली. साऱ्या कर्नाटकांतून, पुष्कळसे खेड्यांतून, मुलें-मुली तेथें येतात, वर्षभर राहतात, शिकतात. शिकून झाल्यावर पुढें काय, हा प्रश्न प्रत्येक कलाशाळेपुढें असतो आणि बहुतेक शाळा तो विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडतात. हेग्गोडूनें १९८५ सालीं त्याचें उत्तर काढलें. ‘तिरुगाट’ म्हणजे भटकंती, या नांवाची एक फिरती मंडळी काढली. नवशिके नट, पडदे, दिवे आणि दोन-तीन नाटकें घेऊन ती मंडळी दर वर्षीं गांवोगांव फिरूं लागली. त्यामुळें नवीन कलावंतास शिकल्याबरोबर पगार मिळाला, प्रयोग मिळाले, आणि दूरच्या गांवांना नाटक मिळालें. कलावंतास आश्रय म्हणजे शाल आणि नारळ अशी आपली समजूत असते. खरा आश्रय म्हणजे पुढच्या महिन्याचें काम.

यांत बाहेरचा पैसा आला नाहीं असें नाहीं. १९८३ च्या सुमारास ‘जनस्पंदन’ नांवाची मोहीम निघाली, तीमध्यें नाटकें व चित्रपट घेऊन मंडळी कर्नाटकाच्या खेड्यांतून हिंडली. त्यास अमेरिकेच्या फोर्ड प्रतिष्ठानानें द्रव्यसाहाय्य केलें होतें. परदेशी पैसा घ्यावा कीं न घ्यावा याविषयीं मतभेद होऊं शकतील. माझ्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, तो पैसा आला तेव्हां संस्था चौतीस वर्षांची होती. तिचें नाट्यगृह होतें, प्रेक्षक होता, आणि मोहीम संपली तेव्हां तिच्याबरोबर संस्था संपली नाहीं. १९९१ सालीं सुब्बण्णांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तें खेड्यांत नाटक व जगांतील उत्तम चित्रपट नेल्याबद्दल होतें. २००५ सालीं ते वारले. संस्था चालू आहे.

हेग्गोडूचें मुख्य काम प्रेक्षक घडविण्याचें. प्रेक्षकांनींच चित्रपट काढावयाचें मनावर घेतलें तर काय होतें, हें पाहण्यासाठीं आतां आपण आणखी खालीं, केरळांत जाऊं. तेथें जमीन आधींच नांगरलेली होती. पुण्याच्या संस्थेंतून शिकून गेलेले अडूर गोपालकृष्णन् यांनीं मित्रांसह १९६५ सालीं तिरुवनंतपुरम् येथें ‘चित्रलेखा’ हें चित्रपटमंडळ काढलें, आणि पाठोपाठ चित्रपट काढण्यासाठीं सहकारी संस्था काढली. तिचा ‘स्वयंवरम्’ १९७२ सालीं आला. चित्रपटमंडळांचें तें लोण पुढें केरळच्या लहान लहान गांवांपर्यंत पोंचलें. वाचनालय आणि चित्रपटमंडळ हीं तेथें एकाच दाराशीं दिसूं लागलीं.

अडूर यांच्यानंतर पुण्याच्याच संस्थेंतून शिकून बाहेर पडलेला जॉन अब्राहम हा मनुष्य अगदीं निराळ्या घडणीचा. विमा कंपनीची नोकरी सोडून तो चित्रपट शिकावयास आला होता; ऋत्विक घटक यांचा तो शिष्य. स्वभाव बेबंद, घर नाहीं, नियम नाहीं. त्याचा ‘अग्रहारत्तिल कळुदै’ हा तमिळ चित्रपट १९७७ सालचा. ब्राह्मणआळींत गाढवाचें पिलूं येतें आणि काय काय घडतें याची ती तिखट कथा. पैसेवाल्यांशीं त्याचें जुळणें शक्यच नव्हतें. तेव्हां १९८४ सालीं कोळिकोड येथें त्यानें मित्रांसह ‘ओडेसा’ नांवाचा संघ काढला. कल्पना अशी कीं, चित्रपटाचा निर्माता एक धनिक नसावा, हजारों माणसें असावींत. संघाचे लोक गांवोगांव गेले. चौकांत ढोल वाजवून माणसें जमवीत, लहानसें नाटुकलें करीत, पडदा लावून चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवीत, आणि मग ज्याच्या हातीं जें असेल तें मागून घेत. अशा वर्गणीवर ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट तयार झाला व १९८६ सालीं लोकांपुढें आला.

त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. वायनाडहून दिल्लीस निघालेल्या एका तरुणाला वाटेंत एका मृताचें शरीर दिसतें. तो मेलेला मुलगा तबलजी होता असें पुढें कळतें. ही वार्ता त्याच्या आईला सांगावयाची म्हणून तो तरुण कोचीकडे वळतो; वाटेंत मृताचा एक एक मित्र भेटत जातो, बरोबर येतो, आणि शेवटीं आईच्या दारीं पोंचतो तो एक जमाव. ज्या रीतीनें वर्गणी गोळा झाली त्याच रीतीनें चित्रपटांतलीं माणसें गोळा होतात. पैसा मिळविण्याच्या पद्धतीचा ठसा कृतीच्या रूपावर इतका स्पष्ट उमटलेला मला दुसरीकडे आढळला नाहीं.

परंतु १९८७ च्या मे महिन्यांत जॉन कोळिकोडास एका इमारतीवरून पडून मरण पावला. वय पन्नासाच्या आंतच. पडदा घेऊन गांवोगांव हिंडणारे लोक नंतरहि राहिले. पण तसा दुसरा चित्रपट झाला नाहीं. कोल्हापुरास जें एका राजामुळें उभें राहिलें तें राजा गेल्यावर ओसरलें, आणि येथें राजा नको म्हणून ज्यानें हजारोंना निर्माते केलें त्याचेंहि काम अखेर त्याच्याबरोबरच थांबलें! हेग्गोडु टिकलें, कारण तेथें शाळा होती, हिशोब होता, आणि दर वर्षीं ठरल्या वेळीं कांहीं तरी घडत होतें. रसिकांना हें उत्तर रुक्ष वाटेल. मास्तराला तें तसें वाटत नाहीं.

अलीकडे यंत्रें स्वस्त झालीं, त्यामुळें चित्र पालटत आहे असें म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. आसामच्या रीमा दास यांनीं आपल्या छयगांव या गांवीं, हातांत एक कॅमेरा घेऊन, गांवचींच मुलें जमवून ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ हा चित्रपट काढला. लेखन, दिग्दर्शन, छायालेखन, संकलन सगळें त्यांनींच केलें. मदतीस एक चुलतबहीण. २०१८ सालीं त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतून नागराज मंजुळे पुढें आले; त्यांच्या २०१३ सालच्या ‘फँड्री’चा नायक सोमनाथ अवघडे हा त्याच तालुक्यांतला, हलगी वाजवितांना दृष्टीस पडलेला मुलगा. वाटाण्याचें रोप उगवून दाखविण्याची आतां तितकी गरज राहिली नाहीं. कॅमेरा खेड्यांत पोंचला.

पोंचला नाहीं तो पडदा. खेड्यांत काढलेला चित्रपट खेड्यांत लागत नाहीं. तो परदेशच्या महोत्सवांस जातो, मुंबई-पुण्याच्या चकचकीत चित्रपटगृहांत आठवडाभर चालतो, आणि ज्यांचीं घरें व गुरें त्यांत दिसतात त्यांनीं तो मोबाइलच्या हातभर अंतरावरच्या काचेंत, एकएकट्यानें, जमलें तर पाहावा. एके काळीं आपल्याकडे जत्रांत तंबू लागत. लॉरीवर यंत्र, जमिनीवर सतरंजी, मध्यें कनात, एका बाजूला बायका. साऱ्या गांवानें एकत्र बसून चित्रपट पाहावयाचा. त्या फिरत्या सिनेमाचे शेवटचे दिवस ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ सालच्या माहितीपटांत टिपलेले आहेत. महाराष्ट्रांतल्या तंबूवाल्यांमागें कित्येक वर्षें हिंडून तो केलेला आहे, आणि त्यांत गंजत चाललेलें एक एक यंत्र पाहून मन विषण्ण होतें. परंतु तंबू मेला म्हणजे प्रेक्षक मेला असें नव्हे. आज भिंतीवर चित्र पाडणारें यंत्र शाळेशाळेंत आहे. ग्रामपंचायतीपाशीं सभागृह आहे, नाहीं तर देवळापुढें पटांगण आहे. चित्रपटाची गोष्ट आधीं पांच मिनिटें नीट सांगावयास आणि नंतर अर्धा तास लोकांना बोलतें करावयास एक माणूस पाहिजे. महिन्यास एक चित्रपट. त्यांतहि वर्षांतून दोन तरी आपल्या जिल्ह्याच्या मुलानें काढलेले. आपल्यांपैकीं जे शहरांत स्थायिक झाले आहेत आणि जत्रेस गांवीं जातात, देवळाच्या जीर्णोद्धारास वर्गणी देतात, त्यांनीं तीच पावती एखाद्या सालीं या नांवावर फाडावी.

खेडूत असे चित्रपट पाहतील कीं नाहीं याची ज्यांना अजून शंका असेल, त्यांनीं ‘सेल्युलॉइड मॅन’ हा २०१२ सालचा माहितीपट मिळवून पाहावा. तो पी. के. नायर यांच्या आयुष्यावर आहे. त्यांत मोठमोठे दिग्दर्शक व नट नायरांविषयीं बोलतात. मध्येंच कॅमेरा हेग्गोडूस जातो. तेथें शेतकरी आहेत, सुपारीच्या बागा आहेत. आणि पुण्याहून आलेल्या पेट्यांतून कित्येक वर्षांपूर्वीं पाहिलेल्या चित्रपटांविषयीं ते लोक, काल पाहिल्याप्रमाणें, सांगत आहेत.